ड्राय आइसने मोल्ड साफ करताय? मग एवढं बघून घ्या

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ज्यांचं मोल्डिंगचं काम आहे त्यांना वेगळं सांगायला नको, मोल्ड साफ करायचा म्हणजे मशीन बंद, मोल्ड थंड होईपर्यंत बसून राहा, मग उतरवा, केमिकल मारा, वायर ब्रशने घासा, आणि घासता घासता पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग जुळतात ती कड) झिजली की फ्लॅश, म्हणजे पार्टच्या कडेला जादा मटेरियल निघणं, सुरू. ड्राय आइस ब्लास्टिंगमध्ये मोल्ड मशीनवरच, गरम असतानाच साफ होतो, उलट गरम असला तर जास्त चांगला.

कार्बन डायऑक्साइडचे तांदळाएवढे दाणे, उणे 78.5 अंशाचे, कॉम्प्रेस्ड हवेने मारतात. मोल्डवरचा घाणीचा थर गार होऊन तडकतो आणि दाणा आपटल्या आपटल्या गॅस होऊन जातो, म्हणजे वाळूसारखं मागे काही उरत नाही, निघालेली घाण तेवढी झाडायची. पण खोल गंजासाठी हे मागवू नका, पैसे फुकट जातील.

आता मेन गोष्ट, गॅस. हा हवेपेक्षा साधारण दीडपट जड, खाली बसतो, त्यामुळे पिट, बेसमेंट, टाकी अशा ठिकाणी काम नकोच. शटर पूर्ण उघडं, एक्झॉस्ट जमिनीजवळ. मीटर कार्बन डायऑक्साइडचाच हवा, कारण हवेत 4 टक्के गॅस झाला तरी ऑक्सिजन 20 च्या आसपास दिसतो, ऑक्सिजनचा अलार्म 19.5 ला वाजतो, तो गप्पच, आणि माणूस इकडे धोक्यात. आठ तासांच्या कामाला गॅसचं लिमिट 5000 पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का. डोकं दुखलं, धाप लागली की बंद करून सरळ बाहेर.

जाड कोरडे इन्सुलेटेड ग्लोव्हज, गॉगल, फेस शिल्ड आणि इअर मफ लागतातच, आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो. स्टॅटिक तयार होतं म्हणून ब्लास्टिंगचं मशीन आणि जॉब (साफ करायची वस्तू) दोन्हींना अर्थिंग करा, थिनरचे डबे लांब. आणि पाणी नाही म्हणून चालू इलेक्ट्रिक पॅनेलवर मारून बघायचा उद्योग कोणी करू नका, सप्लाय बंद म्हणजे बंद.

प्रेशर कमी ठेवून आधी कोपऱ्यात ट्राय घ्या, पॉलिश केलेल्या कॅव्हिटीवर (मोल्डच्या आतल्या पोकळीवर) तर नक्कीच, आणि नोझल एका जागी धरून ठेवू नका. हवा ड्रायरमधून आलेली पाहिजे, नाहीतर पाइपमध्येच बर्फ धरतो. बडोद्याच्या पावसाळ्यात थंड मोल्डवर लगेच दव धरतं, तेव्हा काम झालं की कोरडी हवा मारून रस्ट प्रिव्हेंटिव्ह स्प्रे करा, उद्यावर टाकू नका.

ड्राय आइस ज्या दिवशी काम त्याच दिवशी मागवा. थर्माकोलच्या खोक्यात ठेवायचा, झाकण सैल, टेप नाही, बाटलीत किंवा घट्ट डब्यात भरला तर गॅसच्या प्रेशरने फुटतो. गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा. उरलेला बेसिनमध्ये टाकू नका, बाहेर मोकळ्या हवेत कोणाचा हात लागणार नाही असा पसरून द्या, आपोआप उडून जातो.