पोरांच्या हातात आपलंच अकाउंट? बॅकअप आणि अ‍ॅप खरेदीच्या या चुका टाळा

एका संध्याकाळी माझा फोन हातातून सुटला आणि स्क्रीन जी काळी झाली ती झालीच. मी मात्र निवांत होते, बॅकअप चालू आहे ना, मग काय घाबरायचं. नवीन फोनवर लॉगिन केलं तर शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा! मधले चार महिने क्लाउड तुडुंब भरलेला होता, कारण पोरीचा टॅबलेट माझ्याच अकाउंटवर होता आणि ती गेम खेळताना स्क्रीन रेकॉर्डिंग करायची, अर्ध्या अर्ध्या तासाचं एकेक, आणि ते सगळं गुपचूप माझ्या क्लाउडमध्ये जाऊन बसायचं. 'स्टोरेज फुल' असं रोज सकाळी यायचं आणि मी रोज सकाळी ते अंगठ्याने बाजूला सारायचे, चहा घेता घेता.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, एक अकाउंट आणि सगळ्या घराची डिव्हाइसेस त्यावर. बॅकअप अडकतो तो यामुळे आणि पोरं न विचारता खरेदी करतात तीही बऱ्याचदा यामुळेच, कारण स्टोअरला वाटतं की तुम्हीच घेताय.

आधी जागेचं बघा. आयक्लाउडला फुकट मिळते ५ जीबी, गूगलला १५ जीबी, पण ती १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो अशा तिघांत मिळून असते आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. पूर्ण भरली तर मेल यायचेसुद्धा बंद होतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले तरी खूप फरक पडतो, गुड मॉर्निंगचे व्हिडिओ जपून ठेवून करायचंय काय!

जागा आहे तरी बॅकअप होत नाही? मग फोन रात्री चार्जिंगला आणि वायफायवर असतो का ते बघा. आपोआप होणारा बॅकअप साधारण फोन चार्जिंगला, वायफायवर आणि वापरात नसताना चालतो, आयफोनला तर स्क्रीनही लॉक लागते. चार्जर लावून रात्रभर सिरीज बघत बसलात तर त्याला वेळच मिळत नाही. सेटिंग्जमध्ये बॅकअपच्या पानावर शेवटच्या बॅकअपची तारीख असते, बटण हिरवं आहे म्हणून खूश होऊ नका, तारीख वाचा आणि जुनी असेल तर तिथेच 'बॅक अप नाऊ' दाबा.

अजून एक घोळ म्हणजे सिंक आणि बॅकअप एकच समजणं. आयक्लाउड फोटो हे सिंक आहे, म्हणजे टॅबलेटवर पोराने 'जागा होत नाही' म्हणून फोटो उडवले की ते तुमच्या फोनवरूनही जातात, कारण अकाउंट एकच. असं झालं तर 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये लगेच जा, तिथे ३० दिवस राहतात. गूगल फोटोच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात.

रिस्टोअर करताना अडकलात तर दोन गोष्टी तपासा. बॅकअप नवीन आयओएसवर (आयफोनच्या सिस्टीमवर) घेतलेला असेल तर जुन्या आयओएसच्या आयफोनवर तो येत नाही, आधी अपडेट करावं लागतं. आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपला तोच नंबर, तेच गूगल अकाउंट लागतं. एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूप लावलेल्या, बॅकअपचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हरवली तर मात्र विषय संपला, ती कुठेतरी लिहून ठेवाच.

आता खरेदी. पोराला स्वतःचं अकाउंट काढून द्या आणि ते फॅमिली ग्रुपमध्ये जोडा. अ‍ॅपलमध्ये 'आस्क टू बाय' आहे, १३ वर्षांखालच्या मुलांना ते आधीपासूनच चालू असतं, पोरगं काही घ्यायला गेलं की विचारणा तुमच्या फोनवर येते. अँड्रॉइडला हेच काम गूगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप करतं, फक्त ते गूगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीलाच लागू आहे. शिवाय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा, '३० मिनिटांनी' वाला पर्याय नको. हे सेटिंग त्या डिव्हाइसपुरतं असतं, नवीन फोन घेतला की परत तपासायचं. आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मध्ये जाऊन इन-अ‍ॅप परचेस, म्हणजे अ‍ॅपच्या आतली खरेदी, बंदच करता येतं, पण त्याचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा नाहीतर उपयोग शून्य.

एकदा पासवर्ड टाकला की थोडा वेळ परत विचारणा नाही, ही सोय पोरांना फार लवकर कळते. अ‍ॅपलकडे हा वेळ १५ मिनिटांचा होता आणि २०१४ मध्ये अमेरिकेत त्यावरूनच अ‍ॅपलला ग्राहकांचे किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं मान्य करावं लागलं होतं, म्हणजे फसणारे आपण एकटे नाही.

पैसे गेलेच असतील तर रिफंड लगेच मागा, गूगल प्लेच्या साइटवर पहिल्या ४८ तासांत, अ‍ॅपलला 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम'च्या पानावर. आणि अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नसतं, ते वेगळं कॅन्सल करावं लागतं, नाहीतर दर महिन्याला पैसे जातच राहतात.

हे सगळं करूनही आमच्याकडे एक खरेदी झालीच. फिंगरप्रिंटची यादी उघडली तर माझी दोन बोटं आणि खाली 'बोट ३'. मागे कधीतरी 'आई, माझं पण बोट घे ना' म्हणून मागे लागली होती आणि मी घेतलं होतं. ते काढलं. आता मी पासवर्ड टाकायला लागले की ती शेजारी येऊन बसते.