लॉनच्या कडा कापायचा एजर: नवीन घर घेतलेल्यांनी आधी हे वाचा

अमेरिकेत घर घेतलं की आपली मंडळी मोवर लगेच आणतात, कडांकडे मात्र कोणी बघत नाही. मग गवत साइडवॉकवर वीतभर पसरतं, एचओएचं (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र येतं आणि शनिवारी घाईघाईत कोणाकडून तरी पेट्रोलवरचा एजर उसना आणून काम सुरू होतं, तेही चपला आणि हाफ पँट घालून. असं नका करू. पातं खडे उडवतं आणि ते सरळ नडगीवर नाहीतर डोळ्यात येतात. बंद बूट, जाड पँट, गॉगल आणि कानाला मफ, एवढं हवंच. पोरं, कुत्री घरात.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. पात्यात मुळं किंवा चिखल अडकला की इंजिन पूर्ण बंद करा, पातं थांबू द्या, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा आणि मगच हात घाला. काठीवाला (लांब दांड्याचा, हातात धरून चालवायचा) एजर आयडलला, म्हणजे इंजिन चालू पण ट्रिगर न दाबलेला, असतो तेव्हा पातं थांबलेलं दिसतं म्हणून लोक फसतात. एका हाताने माती काढायला जायचं, दुसऱ्या हाताने नकळत ट्रिगर दाबला जायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय, बोट थोडक्यात वाचलं त्या माणसाचं. "दोन सेकंदांचं तर काम आहे" म्हणणारे आपल्यातच जास्त आहेत, त्यांना मी दरवेळी टोकतो. वायर काढा. आळस आला तरी वायर काढा.

पेट्रोलचं नीट समजून घ्या. काठीवाले बरेचसे टू-स्ट्रोक असतात, त्यात तेल मिसळलेलंच पेट्रोल लागतं. बहुतेक मशीनना ५०:१, म्हणजे एका गॅलनला २.६ औंस टू-स्ट्रोक तेल, तरी आपलं मॅन्युअल बघा. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जॅम होतं आणि दुरुस्तीपेक्षा नवीन मशीन बरं पडतं. चाकांवर चालणारे बहुतेक फोर-स्ट्रोक, त्यांचं तेल वेगळं भरायचं. पंपावर स्वस्त दिसतं म्हणून ई१५ (१५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) घेऊ नका, या छोट्या इंजिनांना ते चालत नाही. ई१० (१० टक्क्यांपर्यंत) चालतं. कॅन जमिनीवर ठेवून भरायचा, गाडीच्या डिकीत ठेवून नाही. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका आणि गॅरेजमध्ये, दार उघडं असलं तरी, मशीन चालू करू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

कापायच्या आधी स्प्रिंकलरची डोकी आणि बागेतल्या दिव्यांच्या वायरी शोधून खुणा करा. कड नव्याने खोल काढायची असेल तर काही दिवस आधी ८११ ला (खोदण्याआधी कळवायच्या नंबरला) फोन करा, फुकट असतं, त्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या गॅस, विजेच्या लाइन रंगाने आखून जातात. पण तुमच्या स्वतःच्या स्प्रिंकलरचे पाइप ते आखत नाहीत, ते तुमचे तुम्हालाच शोधावे लागतात.

माती किंचित ओलसर असताना कापा. कोरडी असली तर धुरळा उडतो, चिखल असला तर पातं अडकतं. इंजिन चालू झालं, चोक काढला, की थोडं गरम होऊ द्या. पातं उभं ठेवून काँक्रीटला अगदी लागून पण न घासता चालवायचं, ठिणग्या उडाल्या म्हणजे तुम्ही पातंच झिजवताय. खोली इंचभर पुरते, फार तर दोन. वर्षानुवर्षं न कापलेली कड असेल तर एकदम खोल घालू नका, दोन फेऱ्या मारा. जोर लावायचा नाही, पात्याला काम करू द्या आणि चालताना माणसाच्या चालीपेक्षाही हळू जा. मागे खेचत काम करू नका, अडखळलात तर पातं पायावर येतं.

एजिंग आधी, मोवर नंतर, म्हणजे लॉनवर उडालेला कचरा मोवर गोळा करतो. साइडवॉकवरची माती झाडून परत लॉनमध्ये टाका, रस्त्याच्या गटारात लोटू नका, शेजारी बघत असतात आणि बरेच गाव ते चालू देत नाहीत. सीझन संपला की टाकी रिकामी करा नाहीतर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं औषध) घालून थोडा वेळ चालवून ठेवा, महिन्याभरापेक्षा जुनं पेट्रोल कार्बोरेटर चिकट करतं आणि वसंतात दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो.