होस्टनेम बदललं, रिबूट केलं, परत जुनंच? या चुका टाळा

"सर, नाव बदललं होतं हो, आपोआप परत उबुंटू झालं." लिनक्स मशीनच्या होस्टनेमबद्दल, म्हणजे मशीनच्या नावाबद्दल (इथे 'उबुंटू' हे जुनं नाव), हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं विचारायचीही गरज पडत नाही, यांनी 'सुडो होस्टनेम वेब१' (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) मारलेलं असतं आणि लगेच चेक केल्यावर वेब१ दिसलं म्हणून खूष होऊन उठलेले असतात.

ती कमांड फक्त चालू कर्नलला, म्हणजे ओएसच्या गाभ्याला, नाव सांगते, डिस्कवर काहीच लिहीत नाही. बूट होताना सिस्टमडी (मशीनवरचं सगळं सुरू करणारा प्रोग्राम) वाचतो /इटीसी/होस्टनेम ही फाइल, आणि तिथे जुनंच नाव बसलेलं असतं. कायमचं बदलायचं तर 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम वेब१', ती फाइलमध्ये पण लिहिते आणि चालू सिस्टमवर पण लावते. नुसत्या 'होस्टनेम'ने टायपिंग किती वाचलं? दहा-पंधरा अक्षरं.

त्या दहा-पंधरा अक्षरांनी माझी एक अख्खी रात्र खाल्ली आहे. आधीच्या नोकरीत एका पोराने क्यू सर्व्हर (ॲप्लिकेशनचे मेसेज रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, ठेवणारं मशीन) उभा केला होता, नाव बदललं ते नुसत्या होस्टनेम कमांडने, आणि मग त्यावर क्यू सांभाळणारं सॉफ्टवेअर रॅबिटएमक्यू टाकलं. मशीन सात-आठ महिने कोणी बंदच केलं नाही त्यामुळे सगळं मस्त चालू. मग कर्नल अपडेटसाठी शनिवारी रात्री एकला मी रिबूट मारला आणि ॲप्लिकेशन बोंबलायला लागलं, लॉगिनच होईना. आत जाऊन बघतो तर एकही क्यू नाही, आम्ही बनवलेले युजर नाहीत, जणू काल इन्स्टॉल केलंय. मला वाटलं डेटा उडाला. घाम फुटला, बॅकअप शोधायला लागलो. साडेतीनला सहज डेटाच्या फोल्डरात एलएस (आत काय आहे ते दाखवणारी कमांड) मारलं तर दोन फोल्डर शेजारी शेजारी, एक जुन्या नावाचा, एक नव्या. रॅबिटएमक्यू आपल्या नोडचं, म्हणजे त्या मशीनवर चालणाऱ्या स्वतःच्या प्रतीचं, नाव होस्टनेमवरून घेतं आणि त्याच नावाच्या फोल्डरात डेटा ठेवतं, मशीनचं नाव परत उबुंटू झालं म्हणून त्याने नवा कोरा नोड सुरू केला होता. होस्टनेम नीट लावलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, सगळं जागेवर. पोरगा सकाळी म्हणतो, "पण सर, माझ्याकडे तर चालत होतं."

दुसरी लाडकी चूक, होस्टनेम बदलायचं आणि /इटीसी/होस्ट्सला (कुठलं नाव कुठल्या आयपी पत्त्याचं ते सांगणारी फाइल) हातच लावायचा नाही. मग प्रत्येक सुडोला 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' येतं, कधी कधी कमांड काही सेकंद लटकते, आणि लोक घाबरून ओएस परत टाकायला निघतात. अरे, सुडो चालतंय अजून, जरा थांबा की! डेबियन-उबुंटूमध्ये १२७.०.१.१ ची ओळ असते, तिथे नवीन नाव लिहायचं, झालं. मी तर आधी होस्ट्समध्ये जुन्याच्या शेजारी नवं नाव टाकतो, मग होस्टनेमसीटीएल, आणि जुनं नाव रिबूटनंतरच काढतो. लोकलहोस्टच्या ओळीला मात्र हात लावायचा नाही.

सगळं बरोबर केलं तरी नाव परत येतंय आणि मशीन क्लाउडवरचं आहे? तर क्लाउड-इनिट (क्लाउड मशीनच्या सेटिंग्ज लावणारा प्रोग्राम) बघा, तो बूटच्या वेळी स्वतःकडचं नाव परत बसवू शकतो. 'प्रिझर्व्ह_होस्टनेम' ट्रू करा. मुख्य क्लाउड.सीएफजी फाइलमध्ये न करता शेजारच्या क्लाउड.सीएफजी.डी फोल्डरात छोटी वेगळी फाइल टाकलेली बरी, पॅकेज अपडेट होताना भांडण नको.

नावात अंडरस्कोर नको. अक्षरं, आकडे आणि मधे हायफन एवढंच. लिनक्स कदाचित कुरकुर करणार नाही पण जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) 'माय_वेब' असल्या होस्टला सरळ एरर देतं, आणि तुम्ही दिवसभर जँगोच्या सेटिंग्ज उकरत बसाल.

सेंटओएस (लिनक्सचाच एक प्रकार) ६ च्या काळातले लेख वाचून सिसकॉन्फिगमधल्या नेटवर्क फाइलमध्ये नाव लिहू नका, ७ पासून ते इटीसी/होस्टनेममध्येच जातं.

डॉकर कंटेनरच्या (ॲप चालवायचा वेगळा बंदिस्त डबा) आत शिरून नाव बदलू नका, रन करतानाच होस्टनेमचा फ्लॅग द्या.

मॅकवर तीन वेगवेगळी नावं असतात, कॉम्प्युटरनेम, लोकलहोस्टनेम आणि होस्टनेम, एससीयुटिल कमांडने तिन्ही सेट करा.

आणि बदलल्यावर टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये अजून जुनंच नाव दिसतंय म्हणून प्लीज रात्री अकराला मला फोन करू नका, ते शेल (टर्मिनलमधलं चालू सेशन) आधीपासून उघडं आहे, लॉगआउट करून परत या.