लेकराची नर्सरी आणि घरचं बजेट: या चुका टाळा

मराठवाड्यात शाळेची फी आणि पेरणी एकाच महिन्यात येतात. जून लागला की बियाणं, खत, मजुरी यांत घरातला पैसा जातो आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात नर्सरीवाले ॲडमिशनची शेवटची तारीख सांगतात. हातात पैसा येतो तो दसरा-दिवाळीला, सोयाबीनची रास झाल्यावर. कापसाचा त्याच्याही नंतर. मोंढ्यातली माल विकल्याची पट्टी आणि शाळेची पावती यांच्यात चार-पाच महिन्यांचं अंतर पडतं. तीन ते सहा वर्षांच्या लेकरापायी घर कर्जात जातं ते बऱ्याचदा या अंतरामुळं. फी किती, हे सगळेच विचारतात. ती कधी भरायची आणि फीशिवाय आणखी काय काय भरायचं, हे विचारायचं राहून जातं.

नुसती फी विचारून परत येणं

समजा, शाळेनं वर्षाची फी ९,००० सांगितली. आता पुढचं मांडा. प्रवेश फी २,०००. पुस्तकं-वह्यांचा संच २,२००. गणवेशाचे दोन जोड आणि बूट १,८००. ऑटो महिना ६०० प्रमाणे दहा महिने, म्हणजे ६,०००. गॅदरिंगचा ड्रेस, सहल, फोटो, ओळखपत्र मिळून १,०००. बेरीज २२,०००. सांगितलेल्या फीच्या जवळपास अडीच पट. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या शाळेचे वेगळे असतील; पण हिशेब याच पद्धतीनं, ओळ न ओळ करायचा.

शाळेत जाताना कागद-पेन न्या आणि एवढं विचारून लिहून घ्या: प्रवेश फी एकदाच की दरवर्षी? पुस्तकं बाहेरून घेतली तर चालतील का, की शाळेचाच संच? मोठ्या भावंडाची पुस्तकं चालतील का? ऑटोचे पैसे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही द्यायचे का? मध्येच नाव काढलं तर काय परत मिळतं? पुढच्या वर्षी फी किती वाढणार? उत्तरं तोंडी मिळाली तर माहितीपत्रकाच्या मागं तिथंच, त्यांच्यासमोर लिहा. पावती देत नाहीत अशा ठिकाणी एक रुपयाही भरू नका. 'डोनेशन' नावाखाली घेतलेल्या पैशाची पावती कुणी देत नाही, आणि पावती नाही म्हणजे उद्या तक्रार करायला हातात काही नाही. अशा पैशाला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे.

गणवेश घेताना आणखी एक. लेकरू या वयात झपाट्यानं वाढतं. दोन जोड जूनमध्ये एकदम घेतले की दुसरा जोड नवा असतानाच आखूड होतो. जूनमध्ये एक, दिवाळीनंतर एक घ्या.

जूनची फी व्याजानं काढणं

१०,००० रुपये महिना शेकडा ३ नं जूनमध्ये उचलले आणि सोयाबीन विकून नोव्हेंबरात फेडले, तर पाच महिन्यांचं व्याज १,५०० होतं. हीच रक्कम बचत गटातून शेकडा १ नं घेतली तर व्याज ५०० होतं. मधले हजार रुपये म्हणजे ऑटोचा दीड महिना.

कर्ज टाळायचं असेल तर हप्ते पिकाच्या पैशाला जुळवून मागा: जूनमध्ये चौथा हिस्सा, नोव्हेंबरच्या शेवटी निम्मी रक्कम, उरलेली फेब्रुवारीत तूर-हरभऱ्यावर. लहान गावातल्या शाळा हे बऱ्याचदा मान्य करतात, कारण त्यांचे बहुतेक पालक शेतकरीच असतात. मात्र ते ॲडमिशनच्या आधी विचारायचं. हप्ता चुकल्यावर विचारलं की ती विनवणी होते.

पुढच्या वर्षासाठी बाजूला काढायचे पैसे पट्टी हाती पडेल त्याच दिवशी बाजूला टाका. त्यासाठी अनेक जण पोस्टात आरडी (दर महिन्याला हप्ता भरायची ठेव) उघडतात आणि जूनमध्ये अडकतात. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. दरवर्षीच्या फीसाठी जूनच्या आधी मुदत संपणारी बँकेची ठेव बरी.

मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची असेल आणि रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर 'लेक लाडकी' योजनेचा अर्ज अंगणवाडी ताईंकडं भरला का, ते बघा. जन्मानंतर ५,००० आणि पहिलीत गेल्यावर ६,००० मिळतात, पुढचे टप्पे वेगळे. पण हा पैसा नर्सरीसाठी नाही. नर्सरीच्या हिशेबात तो धरू नका.

'अंगणवाडीत नुसती खिचडी मिळते' म्हणून नाव काढणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वयाच्या लेकराला गरम ताजा आहार मिळतो. त्यातून किती उष्मांक आणि प्रथिनं मिळायला हवीत, याचा शासनाचा निकष आहे. दर महिन्याला वजन-उंची होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासायला येतं. डोळे, कान, हृदय, उशिरा बोलणं यातलं काही आढळलं तर पुढचा उपचार मोफत होतो. लेकरू दोन शब्द जोडून बोलत नाही म्हणून घरचे 'शाळेत गेलं की बोलंल' म्हणत थांबतात आणि मूळ दुखणं कानाचं निघतं. हे नर्सरीची फी भरून कळत नाही, तपासणीत कळतं.

शिकवण्याबद्दल म्हणाल तर महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांसाठी शासनानं ठरवलेला अभ्यासक्रम आहे: गाणी, गोष्टी, वर्गीकरण, मातीकाम, मोजणी, गप्पा. तो सगळीकडं सारखा राबवला जातो असं नाही, हे खरं. म्हणून नाव काढायच्या आधी आठवडाभर रोज दहा मिनिटं अंगणवाडीच्या दारात थांबून बघा. ताई लेकरांशी बोलतात का, गाणं-गोष्ट होते का, साहित्य कपाटात कुलपात आहे की लेकरांच्या हातात? काही होत नसेल तर आधी ताईंशी बोला. त्यांच्यावर नोंदणी, सर्वेक्षण, मोबाइलवरची माहिती यांचा मोठा बोजा असतो. चार आयांनी आळीपाळीनं तासभर बसायचं ठरवलं तर वर्ग खरोखर बदलतो. अंगणवाडी बंदच राहत असेल तर पर्यवेक्षिका आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचं पुढं काही होत नाही.

खाजगी नर्सरी सुरू केली तरी वजन, लसीकरण आणि तपासणीच्या दिवशी लेकराला अंगणवाडीत नेत चला.

आरटीईचा अर्ज घाईत भरणं

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्यानुसार विनाअनुदानित खाजगी शाळांत २५ टक्के जागा मोफत प्रवेशासाठी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं बदल करून, जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. 'आता खाजगी शाळा मिळत नाही' असं अजूनही पारावर ऐकू येतं, त्यावर विसंबू नका.

अर्ज बाद होतात ते बारीक चुकांमुळं.

प्रवेशस्तर न बघणं. काही शाळांचा आरटीई प्रवेश नर्सरीपासून असतो, बहुतेकांचा पहिलीपासून. पहिलीपासून असेल तर त्याच शाळेत आधी तीन वर्षं फी भरून लेकरू ठेवलं म्हणून मोफत जागेवर हक्क येत नाही, सोडतीत ते इतरांसारखंच. या आशेवर अनेक घरं नर्सरीची फी भरतात आणि पहिलीत तोंडघशी पडतात. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच असतं, आणि ऑटोचा खर्च तुमचाच.

नकाशावर घराची खूण चुकणं. जवळच्या लेकरांना आधी संधी असते: आधी एक किलोमीटरच्या आतली, मग तीनपर्यंतची. सेवा केंद्रात गर्दीत कुणीतरी गावाच्या मधोमध टाचणी ठेवतं. पडताळणीत अंतर जुळलं नाही की मिळालेला प्रवेश जातो. आपला फोन घरी उघडून ठिकाण आधी नोंदवून न्या.

गट चुकणं. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग आणि दिव्यांग लेकरांना उत्पन्नाची अट नाही. बाकी बहुतेकांना वार्षिक १ लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो. जातीचा दाखला महाराष्ट्राचाच हवा. देगलूर, बिलोली, उमरगा, निलंगा या पट्ट्यात तेलंगण किंवा कर्नाटकातला दाखला जोडला जातो आणि तो चालत नाही.

एकाच लेकराचे दोन अर्ज. एक बापानं सेवा केंद्रातून भरला, दुसरा मामानं मोबाइलवरून. दोन्ही बाद.

जन्माचा दाखला. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नोंद जिथं जन्म झाला तिथं असते: दवाखाना लातुरात असेल तर लातूर महापालिकेत, माहेरच्या गावी असेल तर त्या ग्रामपंचायतीत. सासरच्या ग्रामपंचायतीत शोधत बसलं की दोन महिने जातात. दाखल्यावर लेकराचं नाव आहे का तेही बघा. नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेलं असेल तर नाव टाकून घ्यावं लागतं. वर्षाच्या आत ते मोफत होतं, नंतर विलंब शुल्कासह. आणि जन्माची नोंदच नसेल तर वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून हे काम डिसेंबरात करा, जाहिरात निघाल्यावर नाही.

वय ३१ डिसेंबरला मोजतात: त्या तारखेपर्यंत नर्सरीला तीन वर्षं पूर्ण, पहिलीला सहा. सोडतीनंतर मेसेजची वाट बघत बसू नका, पोर्टल स्वतः उघडून बघा. शेतात रेंज नसते आणि मुदत निघून जाते. अर्जाला फी नाही. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, सोडत ऑनलाइन निघते.

ऊसतोडीला जाणार असताना वर्षाची फी भरणं

बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या बऱ्याच गावांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. तीन-चार वर्षांचं लेकरू आईबापासोबत फडावरच जातं. गावातली हंगामी वसतिगृहं शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी असतात. अशा घरानं जूनमध्ये वर्षाची फी भरली तर जवळपास निम्मा पैसा वाया जातो. त्यापेक्षा गावात अंगणवाडी आणि निघताना तीन कामं: ताईंना स्थलांतराची नोंद करायला सांगा, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या, नोंदवलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. कारखान्याच्या भागात पोचलं की जवळच्या अंगणवाडीत कार्ड दाखवा. बाहेरगावच्या लेकरालाही तिथं लाभ मिळतो.

चौथीपर्यंतचा हिशेब न करता इंग्रजी माध्यम

दोन वर्षं इंग्रजी केजी, मग पैसा संपला म्हणून जिल्हा परिषदेत पहिली. या लेकराला इंग्रजी अक्षरं येतात, मराठी वाचता येत नाही, आणि पहिले सहा महिने ते वर्गात गप्प बसतं. चौथीपर्यंतची फी, दरवर्षीच्या वाढीसकट, झेपणार नसेल तर सुरुवात मराठीतच करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचं जेवण मिळतं, आणि पहिलीच्या आधी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. त्यांना आवर्जून जा.

तीन वर्षांच्या लेकराकडून पानभर 'अ' गिरवून घेणारी नर्सरी चांगली, हा समज सोडा. बोटांत ताकद आलेली नसते. पेन्सिल मुठीत धरायची सवय लागते आणि ती पुढं मोडणं अवघड जातं. आधी कणीक मळणं, शेंगा सोलणं, माळ ओवणं.

घरी यासाठी पैसा लागत नाही. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, चिंचोक्यांची मोजणी, माळव्यातल्या भाज्यांचे ढीग लावणं, रोज रात्री एक गोष्ट. स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत. फक्त मोजायला काय देता ते बघा. पेरणीच्या थैलीतलं गुलाबी-लाल बियाणं औषध लावलेलं असतं, ते लेकराच्या हाती देऊ नका. एरंडी, गुंज आणि सीताफळाच्या बियाही नकोत. गुंज आणि एरंडी विषारी, सीताफळाची बी डोळ्याला घातक. तीन वर्षांच्या आतल्याला चिंचोकेही नकोत, घशात अडकतात.

पैसे संपले तर गुपचूप शाळा बंद करणं

हप्ता थकला की पालक शाळेकडं फिरकत नाहीत, लेकरू घरी बसतं आणि वर्ष जातं. त्याऐवजी शाळेत जाऊन नाव काढण्याचा लेखी अर्ज द्या, म्हणजे पुढच्या महिन्यांची बाकी चढत नाही. त्याच आठवड्यात लेकराचं नाव अंगणवाडीत घाला. वर्षात कधीही घेतात. सहा वर्षं पूर्ण झाली असतील तर थेट जिल्हा परिषदेच्या पहिलीत. तिथं नर्सरी-केजीचं कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. फी थकली म्हणून आधीच्या शाळेनं दाखला अडवला, तरी तेवढ्यावरून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं स्पष्ट सांगतं. मुख्याध्यापक अडले तर हे कलम लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पंचायत समितीत अर्ज द्या.