भातलावणीच्या दिवसांत लेप्टो कसा टाळावा

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे कोकणात ज्याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात तो ताप, उंदीर आणि घुशींच्या मूत्रपिंडात राहणाऱ्या जिवाणूंमुळे होतो. हे जिवाणू त्यांच्या मूत्रावाटे खाचरातल्या पाण्यात व चिखलात उतरतात आणि ओलावा टिकला तर तेथे कित्येक आठवडे जिवंत राहतात. गुरे, डुकरे आणि कुत्रीही त्यांचा प्रसार करतात, म्हणून धोका शेताइतकाच गोठ्यातही असतो. माणसाच्या शरीरात ते जखमेतून, भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक आवरणातून शिरतात.

गमबूट घाला, असा सल्ला सर्रास दिला जातो. गोठा साफ करताना किंवा बांधावरून ये-जा करताना तो जरूर पाळावा. मात्र गुडघाभर चिखलात आवा, म्हणजे भाताची रोपे, लावताना बूट रुतून बसतात आणि बहुतेक जण अनवाणीच उतरतात, हे मान्य करूनच पुढची काळजी आखलेली बरी. खाचरात उतरण्यापूर्वी पायांच्या बोटांमधल्या बेचक्या उघडून नीट पाहाव्यात. चिखल्या झाल्या असतील, म्हणजे तेथील कातडी पांढरी पडून चिरली असेल, तर तोच जिवाणूंचा उघडा दरवाजा असतो. अशा माणसाने चिखल्या बऱ्या होईपर्यंत शक्यतो बांधावरची कामे घ्यावीत. विळ्याने कापलेले किंवा काट्याने खरचटलेले असेल, तर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. खाचरातल्या पाण्याने तोंड धुऊ नये, चूळ भरू नये आणि न्याहारीपूर्वी हात घरून आणलेल्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावेत. काम संपल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसाव्यात. ही शेवटची गोष्ट हमखास राहून जाते.

ज्यांना रोज चिखलात उतरावे लागते, त्यांना डॉक्टर लावणीच्या काळात आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊ शकतात. अंदमानात झालेल्या चाचणीत या मात्रेमुळे आजार व मृत्यू कमी झाल्याचे दिसले, पण संसर्ग मात्र थांबला नाही. तेव्हा गोळी घेतली म्हणून वरची काळजी सोडता येत नाही. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरोदर स्त्रियांनी ती घेऊ नये आणि पालकांनी लहान मुलांना देऊ नये.

घराभोवतीचे उंदीरही विसरू नयेत. धान्य झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि पेंढ्याची उडवी घराला लागून रचू नये. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालून त्यावर ब्लीचिंग पावडरचे द्रावण शिंपडावे आणि मग खोल पुरावे.

आता तापाविषयी. लागण झाल्यावर ताप बहुधा 5 ते 14 दिवसांनी येतो, त्यामुळे लावणी आटोपून घरी बसल्यावरही तो येऊ शकतो. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, पू नसताना लाल झालेले डोळे आणि पोटऱ्या दाबल्या तरी कळ येईल इतकी अंगदुखी, असे चित्र दिसले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ‘मी चिखलात काम केले आहे’ हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण सुरुवातीला हा ताप डेंग्यू किंवा मलेरियासारखाच दिसतो. प्रतिपिंडांची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात आणि तसे करणेच योग्य असते. अंगदुखीसाठी मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांतल्या अनेकांचा भार मूत्रपिंडावर पडतो. लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

गवत कापणाऱ्यांनी आणखी एक खूण तपासावी. बारीक कोळीवर्गीय किड्यांची, एरवी उंदरांच्या अंगावर जगणारी पिल्ले चावल्याने स्क्रब टायफस हा वेगळा ताप येतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे रुग्ण आढळले होते. तापाबरोबर काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली न दुखणारी, विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवावी. लेप्टोवर चालणारे पेनिसिलिन या आजारावर निरुपयोगी ठरते, डॉक्सिसायक्लिन मात्र दोन्हींवर लागू पडते.