जठराच्या अस्तरातील कर्करोगपूर्व बदल टिपण्यासाठी एंडोस्कोपीची तयारी

जठराच्या अस्तराचा शोष, म्हणजे ते पातळ होऊन त्यातील ग्रंथी नाहीशा होणे, त्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवणे म्हणजे इंटेस्टिनल मेटाप्लाझिया, आणि पुढे डिसप्लाझिया, म्हणजे पेशींची कर्करोगाकडे झुकणारी विकृत वाढ, हे बदल बहुधा सपाट असतात. त्यांची गाठ बनत नाही, रक्त येत नाही आणि रुग्णाला वेगळी अशी तक्रारही जाणवत नाही. म्हणूनच ते नजरेस पडतील की निसटतील, हे बऱ्याच अंशी स्कोप, म्हणजे कॅमेरा असलेली लवचीक नळी, आत जाण्यापूर्वीच ठरते. एंडोस्कोपी शिकणाऱ्या डॉक्टरांनी आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या परिचारिकांनी तपासणीआधी ही तयारी मनाशी एकदा उजळून घ्यावी.

आरंभ रुग्णाच्या माहितीपासून करावा. आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला होता का, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जंतूवर पूर्वी उपचार झाले होते का, बी-१२ची कमतरता आहे का, हे विचारावे आणि जुना बायोप्सी अहवाल असल्यास तो समोर ठेवावा. हेलिकोबॅक्टरची तपासणीही करायची असेल, तर आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असणे इष्ट. मात्र ज्याला या गोळ्या रक्तस्राव टाळण्यासाठी दिल्या आहेत, त्याच्या बंद करू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी आधीच विचारून निर्णय घ्यावा, कारण ऐन वेळी बायोप्सी घेता आली नाही तर तपासणीचा निम्मा हेतू वाया जातो. ॲस्पिरिन सहसा थांबवावी लागत नाही.

घन आहार सहा तास आणि स्वच्छ द्रव दोन तास आधी बंद करावेत. त्यानंतरची पायरी घाईत वगळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे : तपासणीपूर्वी सुमारे वीस ते तीस मिनिटे सिमेथिकोन व एन-ॲसिटिलसिस्टीन पाण्यात मिसळून प्यायला द्यावे, म्हणजे फेस विरतो आणि चिकट श्लेष्मा सुटतो. श्लेष्म्याच्या थराखाली लपलेला फिकट चट्टा उत्तम स्कोपलाही दिसत नाही. सोबत हाय डेफिनिशन स्कोप, एनबीआयसारख्या विशेष (अरुंद पट्ट्याच्या निळ्या-हिरव्या) प्रकाशाचे बटण, पाण्याचा जेट आणि नावे लिहून ठेवलेल्या बायोप्सीच्या बाटल्या तयार आहेत ना, हेही पाहून घ्यावे.

स्कोप आत घालण्यापासून बाहेर काढेपर्यंत किमान सात मिनिटे द्यावीत आणि किमान दहा छायाचित्रे घ्यावीत. प्रथम धुवावे, मग वळ्या उलगडतील इतकी हवा भरावी, आणि ठरलेल्या क्रमाने प्रत्येक भाग पाहावा. जठराच्या मुख्य भागाच्या खालच्या टोकाला, लहान वक्रतेवर (जठराच्या आतल्या, आखूड कडेवर), समुद्रताऱ्यांसारख्या बारीक शिरांची नियमित रांगोळी दिसली, तर अस्तर निरोगी असण्याची शक्यता बळकट होते. शोष झालेले अस्तर फिकट असते, त्यातून रक्तवाहिन्या दिसतात आणि वळ्या नाहीशा होतात; पण हवा जास्त भरली तरी रक्तवाहिन्या उठून दिसतात, म्हणून हवा थोडी काढून पुन्हा पाहावे. शोषाची सीमा कुठे आहे हे ठरवण्यासाठी किमुरा आणि ताकेमोतो यांचे १९६९चे वर्गीकरण आजही उपयोगी आहे : सीमा लहान वक्रतेपुरती राहून कार्डियापर्यंत, म्हणजे अन्ननलिका जठराला मिळते तिथपर्यंत, पोहोचली नसेल तर बंद प्रकार, कार्डिया ओलांडून गेली असेल तर खुला प्रकार. खुल्या प्रकारात धोका अधिक. शोष सहसा अँट्रमपासून, म्हणजे जठराच्या खालच्या टोकापासून, वर सरकतो; मुख्य भाग शोषलेला आणि अँट्रम मात्र चांगले, असे उलटे चित्र असेल तर ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणाऱ्या जठरदाहाचा, विचार करावा.

मेटाप्लाझिया साध्या प्रकाशात कधी राखाडी-पांढऱ्या, किंचित उंच चट्ट्यांच्या रूपात दिसतो, तर कधी मुळीच दिसत नाही. एनबीआयखाली अस्तराच्या पृष्ठरचनेच्या कडांवर निळसर-पांढरी रेघ दिसली की संशय घट्ट होतो. हेलिकोबॅक्टर गेल्यानंतर नकाशासारखे लालसर, किंचित खोलगट डागही उमटतात; त्यांना निव्वळ सूज समजू नये. स्पष्ट सीमा असलेला आणि आत पृष्ठरचना किंवा रक्तवाहिन्या विस्कळीत असलेला भाग डिसप्लाझिया किंवा सुरुवातीचा कर्करोग समजूनच हाताळावा. त्याची बायोप्सी वेगळ्या बाटलीत जावी.

एरवी अँट्रममधून दोन आणि मुख्य भागातून दोन नमुने, लहान व मोठ्या दोन्ही वक्रतांवरून घ्यावेत. इन्सिझुरा ॲंग्युलॅरिसवरून (लहान वक्रतेवरील खाचेवरून) आणखी एक घेतला तर उत्तम. अँट्रम आणि मुख्य भाग यांचे नमुने एकाच बाटलीत मिसळू नयेत, कारण बदल किती तीव्र आहे आणि किती दूर पसरला आहे यावर ओल्गा (शोषाची) आणि ओल्गिम (मेटाप्लाझियाची) या धोक्याच्या श्रेणी अवलंबून असतात, आणि नमुने मिसळले की पॅथॉलॉजिस्टला ती श्रेणी देता येत नाही.

अहवालात केवळ 'गॅस्ट्रायटिस' लिहून थांबू नये. शोषाची सीमा, मेटाप्लाझियाच्या जागा आणि हेलिकोबॅक्टरची स्थिती लिहावी. जंतू आढळला तर उपचार करून तो गेल्याची खात्री करावी. शोष किंवा मेटाप्लाझिया प्रगत असेल तर युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांनी, आणि जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग असल्यास एक ते दोन वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी करावी. ही पुढची तारीख रुग्णाच्या हातातील कागदावर लिहिलेली असावी.