थंडीतली मुंबई, बरोबर चिल्लीपिल्ली: राणीच्या बागेपासून नरिमन पॉइंटपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत लहान मुलांना घेऊन मुंबईत फिरायचं, तर आधी ठिकाणं ठरवू नका. आधी दुपारची झोप ठरवा. दोन ते सात वर्षांचं मूल दुपारी एकच्या सुमाराला ढेपाळतं. नेमकं तेव्हाच आपण कुठल्या तरी रांगेत उभे असलो, तर उरलेला दिवस रडारडीत जातो. म्हणून हा बेत तिनाचाच: सकाळी राणीची बाग, दुपारी सावली आणि झोप, संध्याकाळी दुमजली बस आणि समुद्र. चौथं काही यात कोंबू नका. 'गेटवेपर्यंत जातोच आहोत तर घारापुरी उरकून घेऊ' हा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. लाँचमध्ये तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या, आणि त्यातल्या निम्म्या मूल कडेवर घेऊन. तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

वार कोणता, गाडी कोणती

राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. नाताळच्या सुट्टीत बरेच जण इथेच फसतात आणि फाटकावरून परत फिरतात.

कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा या वेळात मुंबईच्या दिशेने येणाऱ्या लोकलमध्ये लहान मुलाला घेऊन चढूच नये. सगळ्यात सोयीचा वार शनिवार. रविवारही चालतो, पण मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठीचा गाड्यांचा खोळंबा, साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत असतो. तेव्हा जाणं त्याच्या आधी आणि परतणं त्याच्या नंतर, असं बसवा. ब्लॉक कुठे आहे ते शनिवारी संध्याकाळी पाहून ठेवा.

उतरायचं भायखळ्याला, बाहेर पडायचं पूर्वेला. तिथून बाग मोठ्यांच्या चालीने दहा मिनिटांवर आहे, तीन वर्षांच्या मुलाच्या चालीने वीस. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अर्धं लागतं. लोकलमध्ये शौचालय नसतं, हे मोठी माणसं विसरतात. ठाणे-कल्याणहून येत असाल तर दूध-पाणी निघण्याच्या अर्धा तास आधी आटपा आणि घराबाहेर पडता पडता मुलांना शू करायला लावा. प्रवासापुरता डायपर घालायला चार वर्षांच्या मुलाची हरकत नसेल तर खुशाल घाला, त्यात कमीपणा काही नाही.

बाबागाडी घरीच ठेवा. बागेत ती चालेल, पण पुलाचे जिने आणि गाडीतली गर्दी तिच्यासकट निभत नाहीत. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी छातीशी किंवा पाठीवर बांधायची झोळी बरी. दोन्ही हात मोकळे राहतात आणि मूल त्यातच झोपून जातं.

स्वेटर कुठला

मुंबईची थंडी सकाळी साडेनऊपर्यंत टिकते. पहाटे पारा १६-१८ अंशांवर असतो, दुपारी तोच तिशीपार जातो. घरातून निघताना कानटोपी आणि जाड स्वेटर चढवलेलं मूल अकरा वाजता घामाने चिंब होतं. मग तोच घाम अंगावर वाळतो आणि संध्याकाळच्या वाऱ्यात सर्दी होते. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट, वर पुढून चेन असलेला पातळ स्वेटर, एवढं पुरे. डोक्यातून काढायचा स्वेटर नको, गर्दीत तो काढताना मूल किंचाळतं. प्रत्येक मुलासाठी एक जास्तीचा टीशर्ट आणि दोन चड्ड्या, कडा असलेली टोपी, ओठांना लावायला व्हॅसलीन. पाणी माणशी अर्धा लिटर, स्टीलच्या बाटलीत.

या दिवसांत सकाळी धुरकं असतं. रात्रभर जमिनीकडून वारा वाहतो, हवा खालीच अडकून राहते, आणि समुद्रावरचा वारा थंडीत उशिरा सुटतो. त्यामुळे 'सकाळची ताजी हवा' हे मुंबईच्या जानेवारीत फारसं खरं नाही. मुलाला दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी हवेचा निर्देशांक बघा, पंप हाताशी ठेवा आणि बागेत साडेनऊऐवजी साडेदहाला शिरा. रांग थोडी लांब लागेल, पण छाती वाजणार नाही.

डबा

तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या किंवा मेथीचे ठेपले संध्याकाळपर्यंत टिकतात. दहीभात न्यायचा असेल तर सकाळी दही कालवून नेऊ नका, दुपारपर्यंत आंबट होतो. एक वाटी मऊ भात थोडा कोमट होऊ द्या, त्यात अर्धी वाटी कोमट दूध आणि चमचाभर दही घाला, मीठ घाला आणि डबा बंद करा. एक वाजेपर्यंत तो डब्यातच बेताचा विरजतो. भात गरम असताना दही घातलं तर दूध फाटतं, तेवढं जपा.

तिळाच्या मऊ वड्या आणि सोललेली संत्री ही मोसमाची सोय. संत्र्याच्या फोडीतल्या बिया घरीच काढा. शेंगदाण्याची चिक्की आणि आख्खे दाणे चार वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत देऊ नका. धक्का बसला की दाणा घशात जातो. बोरांचंही तेच.

बागेच्या फाटकावर पिशव्या तपासतात आणि प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं आणलीत तर ती बाहेरच राहतील आणि मूल आत जाताना रडत जाईल. आत डबा उघडायची वेळच येऊ नये म्हणून न्याहारी बागेत शिरण्याआधी पोटभर करवा.

बाग: अडीच तास, त्याहून जास्त नाही

बाग साडेनऊला उघडते. सव्वानऊला फाटकावर असलात तर बाकी सगळं सोपं जातं. तिकीट महापालिकेच्या संकेतस्थळावरून आधीच काढता येतं. आई, वडील आणि दोन मुलं असं एकत्र कुटुंबाचं तिकीट मिळतं, ते मागायला विसरू नका. २०१७ मध्ये दर वाढले तेव्हा ते १०० रुपये ठरलं होतं.

आत शिरल्यावर माकड, हरीण, पाळणा, कशाकडेही न वळता थेट पेंग्विनकडे जा. सुट्टीच्या दिवशी अकरानंतर तिथली रांग उन्हात वळसे घेते. रांगेत अर्धा तास काढलेल्या मुलाला मग पेंग्विन काय आणि कावळा काय, सारखेच.

मुलांना आदल्या रात्री एक गोष्ट सांगून ठेवा: हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. हे हम्बोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहणारे. २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले. चित्रांच्या पुस्तकातला बर्फाचा डोंगर मनात धरून आलेलं मूल काचेसमोर उभं राहून 'बर्फ कुठाय?' एवढंच विचारत बसतं. त्यांचं दालन १६-१८ अंशांवर ठेवलेलं असतं आणि बघणाऱ्यांच्या बाजूलाही गारवा असतो, तेव्हा दारातच स्वेटर पुन्हा चढवा. मुलाला खांद्यावर घेऊ नका, पुढे काचेपाशी उभं करा. गंमत पाण्याखाली पोहण्यात आहे, ती मुलाच्या उंचीवरून छान दिसते. फ्लॅश बंद ठेवा.

नंतर वाघ आणि मगरी. वाघ सकाळी फेऱ्या मारतो, ऊन चढलं की सावलीत पसरतो, आणि मग काचेतून फक्त पट्ट्यांचं गाठोडं दिसतं. मगरीचं उलटं आहे. ती थंड रक्ताची असल्यामुळे हिवाळ्यात ऊन खायला बाहेर येऊन पडते, म्हणून दहा ते बारा ही तिची वेळ. ती हलत नाही म्हणून मुलं 'खोटी आहे' म्हणतात. जबडा उघडा टाकून पडलेली दिसली तर दोन मिनिटं थांबा. शेवटी पक्ष्यांचा मोठा पिंजरा. त्यात आपणच आत शिरून चालतो, पक्षी मोकळे असतात. टोपी तिथे घालाच, कारण उघड आहे.

बागेत गोरखचिंचेचीही झाडं आहेत. मुलांना हात धरून बुंध्याला वेढा घालायला लावा, पाच मिनिटं फुकट करमणूक होते. ही बाग १८६२ पासूनची. तिच्यातली जुनी झाडं हीच तिची खरी श्रीमंती, पण पाच वर्षांच्या मुलाला ते पटवण्याच्या भानगडीत पडू नका.

बारा वाजले की बाहेर. 'एवढं एकच राहिलं' म्हणून थांबलेली पंधरा मिनिटं पुढे तासभर महागात पडतात. फाटकाबाहेरचे फुगे आणि शिट्ट्या येताना घ्यायच्या नाहीत, जाताना बघू, हे आधीच ठरलेलं असू द्या. बाहेर पडताना शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती मात्र जरूर दाखवा. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना तो पडून फुटला. नंतर तुकडे जोडून उभा केला. फुटलेल्या हत्तीची गोष्ट मुलांना पेंग्विनइतकीच आवडते. संग्रहालयाच्या आत आज शिरू नका.

दुपार

भायखळ्याहून सीएसएमटीची (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची) धीमी गाडी पकडा. मध्ये दोनच स्थानकं, दहा मिनिटांच्या आत पोचाल. स्टेशनसमोरच्या गल्लीत पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी मिळते. मोठ्यांनी ती खावी आणि मुलांना डब्यातला दहीभात द्यावा. बाहेरचं तिखट आणि दुपारची झोप एकत्र नांदत नाहीत.

मग काळी-पिवळी टॅक्सी करून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. अंतर जेमतेम किमान भाड्याच्या आसपास पडतं, ते फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. संग्रहालयात जायचं ते संग्रहालय बघायला नव्हे, तिथल्या सावलीसाठी. जाड भिंती, उंच छत, दबके आवाज: झोळीतलं मूल दहा मिनिटांत मान टाकतं. मोठं भावंड असेल तर इथे दोघांनी फुटायचं. एकाने झोपलेल्याला घेऊन बाकावर बसायचं, दुसऱ्याने मोठ्याला आवारातल्या बालसंग्रहालयात किंवा प्राण्यांच्या दालनात न्यायचं. साडेतीनला झोपलेल्याला उठवा. जास्त झोपू दिलंत तर रात्री अकराला ते ताजंतवानं असेल.

बसचा वरचा मजला

पुन्हा टॅक्सीने सीएसएमटी. तिथून एनसीपीएला, म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकावरच्या नाट्य-संगीत केंद्राला, जाणारी बेस्टची ११५ क्रमांकाची बस. फेब्रुवारी २०२३ पासून वातानुकूलित दुमजली गाड्या याच मार्गावर आधी धावू लागल्या. वातानुकूलित बसचं किमान भाडं मे २०२५ पासून १२ रुपये आहे. वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची बाकं हवीत तर पहिल्याच थांब्यावर रांग लावा. बस भरत आली असेल तर ती सोडून पुढच्या बसला पहिले उभे राहा. चालत्या बसमध्ये जिन्यावर मुलाच्या खाली आपण असावं: चढताना त्याच्या मागे, उतरताना पुढे.

सूर्यास्तासाठी एनसीपीएचं टोक निवडा, गिरगाव चौपाटी नको. थंडीत सूर्य नैऋत्येकडे कललेला असतो, चौपाटीवरून तो मलबार हिलच्या टोकाआड जातो. नरिमन पॉइंटवरून तो सरळ पाण्यात बुडताना दिसतो. नाताळच्या सुमाराला सहा वाजून आठ-दहा मिनिटांनी, संक्रांतीला सहा वीसच्या आसपास, जानेवारीअखेर साडेसहाला. अर्धा तास आधी जागा धरा. कठड्यावर मुलाचं तोंड रस्त्याकडे असो की समुद्राकडे, हात कमरेभोवतीच हवा. पलीकडच्या चौपायी काँक्रीटच्या ठोकळ्यांमधल्या फटी खोल असतात, त्यांवर मुलाला उतरवू नका. थंडीत आलेल्या कुरव पक्ष्यांना लोक गाठ्या टाकतात, तुम्ही टाकू नका. तेल-मीठ त्यांच्या पोटाला सोसत नाही. सूर्य बुडताच वारा बोचरा होतो, स्वेटर तेव्हा पुन्हा चढवा.

मूल हरवलं तर

सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा पूर्ण उंचीचा फोटो काढून ठेवा. घाबरलेल्या आईबापाला शर्टाचा रंग आठवत नाही. दंडावर बॉलपेनने मोबाइल क्रमांक लिहा आणि बाहीखाली झाका. नाव लिहू नका. नाव ठाऊक असलेल्या अनोळखी माणसावर मूल चटकन विश्वास ठेवतं.

गाडीत चढताना ताटातूट झाली तर काय करायचं ते घरीच ठरवा: गाडीत जो राहिला त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून तिथेच थांबायचं, फलाटावर राहिलेल्याने मागच्या गाडीने तिथे यायचं. दोघंही एकमेकांना शोधत उलटसुलट फिरले की तास जातो. रेल्वेत १३९, इतरत्र ११२, आणि मुलांसाठी १०९८.

परतीला मध्य रेल्वेवाल्यांनी सीएसएमटीहून आणि पश्चिमवाल्यांनी चर्चगेटहूनच चढावं, मधल्या स्थानकावर नाही. सुटणारी गाडी भरलेली दिसली तर जाऊ द्या. पुढची रिकामी फलाटाला लागली की मूल कडेवर घेऊन आधी एकाने चढायचं, पिशव्या दुसऱ्याने आणायच्या. बसल्याबरोबर डब्यातली उरलेली संत्री काढा. दादर येईपर्यंत मूल झोपलेलं असेल, म्हणून दंडावरचा क्रमांक पुसणं आणि मोजे बदलणं फलाटावरच उरका.